नास्तिकतेला धर्माच्या यादीत घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘नास्तिकता हाही एक धर्मच’ असे हल्ली सर्रास ऐकू येते. मला ते मुळीच मान्य नाही. माझे यजमान देव मानत नसत. त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही देहदान केले, दहावे-तेरावे घातले नाही. पण आमची लेक रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायची आणि वाती संपल्या की हेच बाजारातून आणून द्यायचे. जिथे दीक्षा नाही, विधी नाहीत, वाळीत टाकणारे कुणी नाही, तो धर्म कसला?

म्हणून नास्तिकांना संरक्षण नाही असे मात्र नव्हे. घटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी येते, धर्माचे नंतर. ‘मला कोणताही धर्म नाही’ असे सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. (ती याचिका करणारे तर येशूला मानणारे होते, पण कोणताही धर्म मानत नव्हते!) तरीही एका कार्यालयात यजमानांनी धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले, तेव्हा कारकुनाने त्यांच्यादेखत ते खोडून ‘हिंदू’ केले. आडनाव पाहून! त्या दिवशी ते घरी येऊन जेवलेही नाहीत.

२०११च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे सुमारे ३३ हजार लोक ‘इतर धर्म व पंथ’ या यादीत मोजले गेले. येत्या जनगणनेत ‘धर्म नाही’ असा स्वतंत्र पर्याय द्यावा आणि प्रगणकाने माणूस सांगेल तेच लिहावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा