अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर शेवटच्या आजारपणाचा विषय काढला की आई लगेच जेवणाचं विचारते आणि बाबा गप्प होतात. म्हणून पत्र लिहिते आहे.

काका गेल्यापासून त्यांचे शेवटचे दिवस माझ्या मनातून जात नाहीत. यातून ते उठणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दादालाही ते कळलं होतं. पण दवाखान्याच्या जिन्यात भाऊबंद उभे होते, त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं, "व्हेंटिलेटर काढलं तर काय म्हनतीन लोकं? पोरानं पैसा वाचवला म्हनतीन." दादानं सही केली नाही. काकांना काय हवं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते बोलत होते तोवर कोणी विचारलंच नाही. आणि दारावर आलेली तीच माणसं ओट्यावर बसून म्हणाली, "फार हाल केले हो म्हाताऱ्याचे."

दादाला त्या दिवसापासून नीट झोप नाही. लोक मात्र गंधमुक्ती आटोपून आपापल्या कामाला लागले.

आई, माझा संसार मोडला तेव्हा तू कितीतरी दिवस हळदीकुंकवाला गेली नाहीस. कोण काय बोललं ते मला कधी सांगितलं नाहीस, पण मला कळत होतं. तुला अजून विचारतात ना, मुलगा नाही, अग्नी कोण देईल? मी देईन. दहाव्यालाही मीच बसेन. ज्यांना बोलायचं ते बोलतील, त्यांना उत्तर मी देईन. ती काळजी तू आता सोड.

बाबा, उद्याचा भरवसा नसतो हे मी तुम्हाला काय सांगू? अकरा महिने वाढवलेली, घड लागलेली केळीची बाग गेल्या मृगात अर्ध्या तासाच्या वाऱ्यानं आडवी झाली. तुम्ही बांधावर उभे राहून नुसते पाहत होतात. तरी पुढची रोपं बुक केलीतच. त्या वाऱ्यापुढे आपलं काही चालत नाही. पण काकांच्या बाबतीत जे झालं, त्यातलं बरंचसं आधी बोलून ठेवता आलं असतं.

सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 ला तशी वाट करून दिली आहे. आजार बरा होण्यापलीकडे गेला तर कोणते उपचार नकोत, आणि आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे कोणी त्या वाटेला जाईना. जानेवारी 2023 मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. कागद आहे म्हणून कोणी घाईनं काही करत नाही, डॉक्टरांची दोन मंडळं आधी तपासतात. मन बदललं तर कागदही बदलता येतो.

हे अभद्र वाटेल, सणाच्या तोंडावर तर जास्तच. पण अखाजीला आपण गेलेल्यांच्या नावानं घागर भरतो, वर डांगर आणि सांजोऱ्या ठेवतो, आगारी टाकतो. आजोबांना सांजोरी आवडायची म्हणून आई अजून त्यांच्या वाटची आधी काढते. गेलेल्या माणसाची आवड आपण इतकी जपतो. तुम्हाला काय हवं, काय नको, हे मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे, तुम्ही समोर बसलेले असताना.

आदल्या दिवशी सकाळी रावेरला उतरते. दोघांची आधार कार्डं काढून ठेवा. साक्षीदार भाऊबंदांतले नकोत, बाबांचे शाळेतले जुने सहकारी चालतील. सणाच्या दुसऱ्या दिवशी नोटरीकडे जाऊ. आणि आई, तुझा कागद वेगळा होणार आहे. "हे म्हणतील तेच माझं" असं तिथं चालायचं नाही, तेव्हा तुझं तू ठरवून ठेव.

तुमची लेक