कपाटाच्या बिजागरीचं देणं

आदरणीय सुतारकाका,

सा. न. वि. वि.

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहीत नाही. लालबागच्या चाळीतल्या आमच्या बालवाडीचं कपाट दुरुस्त करणारे काका, एवढ्यावर ओळखणारे ओळखतीलच. तुमच्या हिशेबाच्या चिठ्ठीत दोन बिजागऱ्या, आठ स्क्रू आणि मजुरी होती. ते पैसे त्याच दिवशी दिले. त्यानंतरचे तीन शुक्रवार मात्र कुठल्याच चिठ्ठीत नाहीत.

तुम्ही आलात त्या सकाळी माझं ‘आपले शरीर’ चाललं होतं. भिंतीवर सांगाड्याचा तक्ता, समोर चार ते सहा वर्षांची बावीस पोरं. मी सांगत होते, मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं असतात आणि दोन हाडं भेटतात तिथे सांधा असतो. एकीला तक्त्यात भूत दिसलं, तिने भोकाड पसरलं. एकाने विचारलं, “बाई, याचं पोट कुठे गेलं?” उरलेली सगळी तुमच्या ड्रिल मशीनकडे बघत होती. मीही थोडी तिकडेच बघत होते, खोटं कशाला सांगू.

तुम्ही मोडक्या बिजागऱ्या काढल्यात, दार कपाटाला नुसतं टेकवलंत आणि पोरांना म्हणालात, “उघडा बघू आता.” त्यांनी ओढलं तर अख्खं दार अंगावर यायला लागलं. तुम्ही ते धरलंत, नवी बिजागरी बसवलीत आणि एका बोटाने दार उघडून दाखवलंत. मग स्वतःचा हात कोपरात मिटला, उघडला. एवढंच. पोरं आपापले हात उघडमीट करायला लागली, आणि कोपर मागच्या बाजूला का वळत नाही हा प्रश्न मी न विचारताच आला. पुस्तकात ‘बिजागरीचा सांधा’ असं छापलेलं मी अकरा वर्षं वाचून दाखवत होते. हातात बिजागरी कधी दिली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी याल का, विचारलं तर म्हणालात, “माका खंय शिकवूक येता!” आणि आलात.

तो पहिला शुक्रवार मी विसरणार नाही. तुम्ही प्रत्येकाच्या हाताला आतून लाकडी फुटपट्टी लावलीत, माझ्या जुन्या ओढणीच्या चिंध्यांनी सैलसर बांधलीत आणि समोर चुरमुऱ्यांची ताटली ठेवलीत. कोपर बंद. आता खा. हात ताटलीपर्यंत जात होता, तोंडापर्यंत येत नव्हता. कोणी चुरमुरे वर उडवून झेलायला बघितलं, ते केसांत गेले. एकाने सरळ मांजरासारखं ताटलीत तोंड घातलं. शेवटी जमीन पांढरी झाली आणि झाडू मारायला आमच्या मावशींना अर्धा तास लागला. त्यांची बोलणी मी खाल्ली, तुम्ही निघून गेला होतात. पण चिंध्या सोडल्यावर पोरांनी जो पहिला घास तोंडात घातला, तो हाताकडे बघत बघत घातला.

तुमची रीत मला तेव्हा कळली. एखादी गोष्ट काय काम करते ते सांगत बसायचं नाही, ती बंद करून बघायची. बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणात मला हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी वहीत उतरवून ठेवलं असेल.

दुसऱ्या शुक्रवारी तुम्ही जुन्या पाळण्याचा लाकडी गोटा, करवंटी आणि एक उथळ बशी आणलीत. गोटा करवंटीत बसवून फिरवला, तो खुबा. बशीवर फिरवला, तो खांदा. बशीवर तो जास्त मोकळा फिरतो पण घसरूनही पडतो, म्हणून खांदा निखळल्याचं ऐकू येतं तसं खुब्याचं सहसा येत नाही, हे पोरांना दोन मिनिटांत पटलं. उखळीचा सांधा म्हणायला गेले तर उखळ कोणाच्या घरात नाही. आता आमच्याकडे तो ‘करवंटीचा सांधा’ आहे. परीक्षक आले तर मी बघून घेईन.

त्याच दिवशी तुम्ही ते वाक्य बोललात, “बाई, आमचा सांधा हलला तर गिऱ्हाईक शिव्या घालतं, तुमचा हलला नाही तर डॉक्टरकडे जावं लागतं.” मी रात्रभर हसत होते. मग लक्षात आलं, शरीरातही सुतारी सांधे आहेत. कवटीची हाडं एकमेकांत नागमोडी दातांनी अशी गुंतलेली असतात, की तुमच्या पेटीचे कोपरे आठवावेत. मोठ्या माणसात ती हलत नाहीत. तान्ह्या बाळात अजून जुळायची असतात, मध्ये मऊ जागा राहते, तीच टाळू. पोरांना हे नवीन नव्हतं. ज्यांच्या घरी बाळ होतं त्यांनी लगेच सांगितलं, “टाळूला हात लावायचा नाही, आजी तिथे तेल घालते.”

तेलावरून गाडी वंगणावर गेली. दाराला तेल तुम्ही घालता, आपल्या गुडघ्याला कोण घालतं? सांध्याच्या आतलं अस्तर स्वतःच एक बुळबुळीत द्रव तयार करतं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, हे मला ठाऊक होतं, म्हणून तिथे माझी थोडी अब्रू वाचली. “मग माझ्या आजीचं तेल संपलं का?” बहुतेक वेळा तेल नाही गं, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते. तिने हे घरी जाऊन आजीला सांगितलं आणि आजी दुसऱ्या दिवशी मला भेटायला आल्या. गुडघे धरून, दोन मजले उतरून.

तिसरा शुक्रवार अंगठ्याचा. कागदी टेपने अंगठे तळव्याला चिकटवले आणि कामं दिली: शर्टाचं बटण, डब्याचं झाकण, केळ सोलणं, चणा उचलणं. केळं दातांनी सोलली गेली. बटण एकालाही लागलं नाही. एका मुलीने चणा दोन बोटांच्या फटीत अलगद उचलला, “आजोबा बिडी धरतात तसा,” आणि सगळ्यांना हरवलं. तेवढ्यात एका पोराने तुमच्या उजव्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. “काका, तुमच्या अंगठ्याला टेप नाही, तरी वाकत नाही.” मी दटावायला उठले. तुम्ही मला बसवलंत आणि म्हणालात, “ह्या दाराची बिजागरी गंजलीय.” मशीनवर कसा सापडला ते मलाच नंतर चहा पिताना सांगितलंत. मग त्याच अंगठ्याने स्क्रू कसा धरता ते त्यांना दाखवलंत, कारण वरचं पेर वाकत नसलं तरी मुळाशी तो फिरतो.

ते मूळ समजवायला पुस्तकं ‘खोगीर’ म्हणतात. लालबागच्या पोराने खोगीर कुठे बघायचं? तुम्ही दोन्ही हातांचे अंगठे ताणून त्यांच्या बेचक्या एकमेकींत आडव्या अडकवल्यात आणि हलवून दाखवल्यात. पुढे-मागे जातं, डावी-उजवीकडे जातं, तरी सुटत नाही. म्हणून अंगठा करंगळीला जाऊन भेटू शकतो. बाकी बोटांना तीन पेरं, याला दोनच, आणि तरी मुकादम हाच. करंगळीला अंगठा दाबला की तळव्यावरची गादी टणक होते, हे पोरांनी स्वतः शोधलं. हवेत पेटी वाजवली की मनगटाच्या वर, हातात काहीतरी सरसरतं, हेही. बोटं ओढणारे मोठे स्नायू तिथे राहतात, कंडरांच्या दोऱ्यांनी बोटं हलवतात. गणपतीच्या कारखान्यासमोरून जाताना ती आता मूर्तीकडे बघत नाहीत, मूर्तिकाराच्या अंगठ्याकडे बघतात.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत, ती तुम्हाला माहीतही नसेल. “लिहायला कधी लावणार?” असं पालक दर आठवड्याला विचारतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत ती आठही दिसत नाहीत, काही अजून कूर्चेचीच असतात. हे मी पालकसभेत दोनदा सांगितलं होतं, लोक माना डोलवून पुन्हा तेच विचारायचे. या वेळी मी पालकांचेच अंगठे चिकटवले आणि हातात पेन्सिल दिली. एका गृहस्थांना स्वतःचं नाव लिहिता येईना. तेव्हा तुमचंच वाक्य ऐकवलं, “अंगठेबहाद्दर म्हणून हिणवतात, पण अंगठ्यावाचून सही तरी होते का?” सध्या पाट्या कपाटात आहेत. पोरं शाडूचे मोदक करतात, चिमटीने कळ्या पाडतात. माझ्यापेक्षा बरे येतात.

शाळेत तुम्हाला पायाचे अंगठे धरून उभं करायचे, आणि सातवीनंतर तुम्ही गाव सोडून मुंबईला आलात, हे तुम्ही हसत सांगितलं होतंत. मला हसता आलं नाही, तेव्हाही नाही आणि लिहितानाही नाही.

पावसाने दार पुन्हा फुगलंय, करकरतं. मी रंध्याने घासून घेऊ म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत. “त्याचे गुडघे दुखतात, काकांनाच बोलवा.” तुमची ती चपटी पेन्सिलही इथेच राहिली आहे, कानावरची. ती हातातून घरंगळत नाही म्हणून तिच्यावरून भांडणं होतात. गावाहून आलात की एक फेरी मारा. चुरमुऱ्यांऐवजी या वेळी बिस्किटं ठेवीन, मावशींची तशी अट आहे.

तुमची,
बालवाडीतली बाई
लालबाग, मुंबई