चांदणीचं काय करायचं

लातूर, माघ महिना

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, चांदणीचं काय करायचं?" मी "नंतर बोलू" म्हणालो आणि तू वैतागून फोन ठेवलास. तुझं चुकलं नाही. पागेत पाय घसरून पडलेला बहात्तर वर्षांचा म्हातारा कंबरेला पट्टा बांधून चांदणी घोडीच्या गाभणपणाच्या गोष्टी सांगायला लागला, तर लेकीनं दुसरं काय करावं? पण बोलताना मला पळवाटा सापडतात, लिहिताना सापडत नाहीत. म्हणून हे पत्र.

तुला आठवतं का, रविवारी पेपर आला की तू लाल पेन्सिल घेऊन माझ्या सदरातली घोडी मोजायचीस. आमच्या संपादकांनी ताकीदच दिली होती की, सदर शेतीवर लिहा, नगरपालिकेवर लिहा, पण घोडं आणलंत तर कापीन. मग मी ते मागच्या दारानं आणायचो. कधी 'वरातीमागून घोडं', कधी 'घोडं कुठं पेंड खातं'. भाकरी का करपली आणि घोडा का अडला, हे तर वर्षातून दोनदा यायचंच. खोगीरभरती हा शब्द मी इतक्यांदा वापरला, की एकदा एका वाचकानं पत्रातून विचारलं, तुमच्या लेखात खोगीर तरी कुठं असतं? त्या आठवड्यात तुझी पेन्सिल नऊवर गेली होती.

पहिली घोडी मैना. १९८१ साली नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत घेतली. पगार ७४० रुपये आणि घोडी २८०० ला. मी गेलो होतो यात्रेची बातमी करायला. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघाली, भंडारा उधळला, बातमी तिथंच पुरी झाली. पण मी बाजारात शिरलो आणि तीन दिवस तिथंच राहिलो. गाढवं, उंट, लाल कंधारी वळू, देवणी गाई आणि पलीकडं घोड्यांच्या रांगा. सारंगखेड्याची दत्तजयंतीची जत्रा आटोपून आलेले व्यापारी होते, थेट मारवाडातून आलेले होते. एका हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, माझा हात रुमालाखाली घेतला आणि बोटं दाबत भाव करायला लागला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी नुसती मान हलवत होतो आणि भाव चढत होता. तुझी आई पुढं आयुष्यभर म्हणायची, की ह्यांनी घोडी घेतली नाही, ह्यांना लाज वाटली म्हणून ती पदरात पडली.

पण मैनेचे कान! मारवाडी घोड्याचे कान आत वळतात आणि टोकाला टोक भिडतं, हे मी ऐकून होतो. ती कान टवकारून उभी राहिली की दोन्ही टोकांच्या मधून सुतळी जायची नाही. त्या कानांपायी माझी चाळीस वर्षं गेली. प्रदर्शनात न्यायची म्हणजे आधी महिनाभर रोज दोन वेळा खरारा म्हणजे अंग घासणं, भिजवलेला हरभरा, सकाळी रपेट आणि रवाल चाल घोटून घेणं. पाठीवर भरलेला पेला ठेवला तरी हिंदकळू नये अशी ती चाल. ती शिकवताना मीच किती वेळा हिंदकळून खाली आलो, ते तुला माहीत आहे.

आता एक कबुली. २००२ मध्ये तुझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी मैनेची शिंगी, म्हणजे तिची तरणी लेक, विकली, असं मी तुला सांगितलं. नंतर त्यावर सदरही लिहिलं. वाचकांनी डोळे पुसले आणि तूही रडलीस. खरी गोष्ट अशी, की त्या शिंगीचा पुढचा डावा पाय गुडघ्यातून आत वळलेला होता. ती प्रदर्शनात चालली नसती आणि तिच्यापासून वीण घेणंही मला पटलं नसतं. तुझी फी नसती तरी मी तिला विकलीच असती. पैसे तुझ्या फीला गेले, एवढं मात्र खरं. उरलेलं सगळं खोगीरभरती.

हौशी आली २००४ साली. तिच्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

हौशी उंच, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, कपाळ रुंद, मान मोरासारखी. पण उजव्या डोळ्याखाली भोवरा. घोडेवाल्यांच्या भाषेत आसूढाळ. गळ्यावरचा भोवरा, देवमण, शुभ आणि डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, धन्याला रडवणारा. त्यामुळं माळेगावात तिच्याकडं कोणी फिरकत नव्हतं. मी तिचे दात बघितले, पाच वर्षं पुरी. खूर बघितले, आई कोणती ते विचारलं. लोक बापाचं नाव विचारतात, मी आईचं विचारतो. शिंगरू पोटात अकरा महिने आईच्या असतं, पुढं सहा महिने तिच्याच मागं फिरतं, भित्रेपणा नाहीतर धीटपणा तिच्याकडूनच घेतं. घोडी निम्म्या भावात मिळाली. अंधश्रद्धेमुळं माझा फायदा झाला, असं मी मोठ्या ऐटीत सदरात लिहिलं.

२०११ मध्ये तुझी आई गेली. तेराव्या दिवशी जेवणं उरकल्यावर तुझे मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी ती घोडी काढा दाजी." मी रागानं उठलो. अंधश्रद्धेवर एक नाही, तीन सदरं लिहिलेला माणूस मी. पण त्या रात्री बॅटरी घेऊन पागेत गेलो आणि हौशीच्या डोळ्याखाली अंगठा फिरवत बसलो. केस उलटे केले, ओले केले, ब्रशनं दाबून बसवले. सोडले की पुन्हा गोल. पहाटेपर्यंत हेच चाललं होतं. ती शहाणी, डोळा मिटून उभी राहिली. हे मी कधी लिहिलं नाही.

तू मामांसारखं काही बोलली नाहीस. पण त्या सुट्टीत महिनाभर पागेत पाऊलही टाकलं नाहीस. मी विचारलं नाही, आणि पुढं विचारायची वेळ निघून गेली. आईच्या किडनीचे पहिले रिपोर्ट २००३ चे आहेत. घोडी दारात यायच्या आधीचे. कपाटाच्या खालच्या खणात, निळ्या फाइलमध्ये ठेवलेत. आईनं तुला सांगू दिलं नव्हतं, तुझी परीक्षा होती. तारखा बघून घे एकदा.

दुसरी न लिहिलेली गोष्ट २०१६ ची. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. स्टेशनवर मी वही घेऊन हजर होतो. त्या उन्हाळ्यात पाण्यावर लिहिलेल्या सदरांना जितकी पत्रं आली, तितकी कधीच आली नाहीत. आणि माझ्या पागेत हौशी आणि तीन वर्षांची चांदणी, दोघी मिळून दिवसाला साठ-सत्तर लिटर प्यायच्या. घोड्याला पाणी तोडून चालत नाही. आतडं सुकलं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला तर उलटीही होत नाही. पोटात अडलं की जिवावरच बेततं. मी एका शेतकऱ्याच्या बोअरवरून रात्री बॅरल आणायचो. रात्री का, ते तू ओळख.

एका संध्याकाळी शेजारची बाई रिकामी कळशी घेऊन फाटकाशी थांबली. चांदणी बादलीत तोंड घालून पीत होती. बाई बघत राहिली आणि म्हणाली, "किती पितंय की बाप्पा." बस्स, एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता. त्याच आठवड्यात मी दोघींना टेम्पोत घालून गोदाकाठच्या मित्राकडं पाठवलं, पाऊस पडल्यावरच परत आणलं. त्या रविवारी सदर पाणीवाटपातल्या गैरप्रकारांवर होतं. फार गाजलं.

असो. घोड्यांबद्दल लोक मला जाणकार समजतात, म्हणून आणखी एक सांगतो. आपल्या रानात धनगरांचे वाडे उतरतात ना, त्यांचं बिऱ्हाड, कोंबड्या, लेकरं पाठीवर घेऊन चालणारं बुटकं तट्टू, ते भीमथडी. मराठ्यांच्या फौजा अशाच दख्खनी घोड्यांवर फिरल्या. अलीकडं त्याची सरकारी नोंद झाली, मारवाडी-काठेवाडीसारखी स्वतंत्र जात म्हणून. आणि मी चाळीस वर्षं वळलेले कान बघत हिंडलो. दाराशी आलेल्या त्या तट्टाचे कान कसे असतात, हे आजही मला डोळ्यांपुढं आणता येत नाही.

आता चांदणी. चैत्रात लावली होती, म्हणजे फाल्गुनात व्यायला हवी. सडांवर मेणासारखे थेंब दिसले की दोन-तीन दिवस राहिले समजायचं, पण घोडीचा भरवसा नाही. माणूस समोर असला तर ती कळा धरून ठेवते. तुझ्या दहावीच्या वर्षी मी मैनेपाशी चार रात्री जागलो, पाचव्या रात्री चहा करायला आत आलो, आणि परत गेलो तर शिंगरू बाहेर! खुरांवर ती मऊ, रबरासारखी पांढरट बोटं, आईच्या पोटाला इजा होऊ नये म्हणून असतात तशी. सकाळी तुला पेपरला सोडायला आलो तेव्हा शर्टाला पागेचा वास येत होता, आणि तू गाडीवर माझ्यापासून हातभर मागं सरकून बसली होतीस.

तासाभरात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला पाहिजे, तीन तासांत वार, म्हणजे नाळेमागची पिशवी, पडली पाहिजे. वार अडकली तर ओढायची नाही, डॉक्टरला बोलवायचं. नंबर पागेच्या भिंतीवर खडूनं लिहिलाय. आणि आधी लाल मखमलीसारखी पिशवी दिसली तर डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही, ती लगेच फाडायची, नाहीतर आत जीव गुदमरतो. हे मी तुला का सांगतोय? कंबर अशी, वाकता येत नाही, म्हणून.

शिंगरू सहा महिन्यांचं होऊन दूध सुटलं, की चांदणीला मी देणार आहे. रोज खरारा करायला जो पोरगा येतो, त्याला. पैसे घेणार नाही. त्याच्या बापानं विचारलं, वरातीला लावली तर चालेल का? मी म्हटलं, नवरदेव बसू दे, पण डीजेपुढं नाचवायची नाही. पोरानं मान हलवली. मैना घेताना मीही अशीच हलवली होती, त्यामुळं थोडी धाकधूक आहे. शिंगराचं मात्र काहीच ठरवलेलं नाही. ते तुझ्यावर.

फाल्गुनात रजा मिळाली तर ये. येताना पुण्याहून आयोडीनची मोठी बाटली आण, नाळेला लावायला. इथं लहानच मिळते, आणि ती मागच्या वेळी माझ्या हातून सांडली.

तुझा,
अण्णा