विनिपेग, कॅनडाहून

ती. आई-नानांस शि. सा. नमस्कार.

नानांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. थंडीची काळजी करू नका. उणे तीस असतं ते बाहेर, घरात मी बनियनवर बसतो. आणि आई, जेवणाचं सारखं विचारू नकोस. परवाच स्वातीने शेवभाजी केली. कळण्याची भाकरी तेवढी जमत नाही.

इथली एक रीत मात्र अजून डोक्यात शिरत नाही. शाळेचा कार्यक्रम असो, ऑफिसची मीटिंग असो, नाहीतर हॉकीची मॅच. आधी कोणीतरी उठून सांगतं, की ही जमीन मूळची अनिशिनाबे, क्री, डकोटा लोकांची, सरकारने मूळ लोकांशी केलेल्या 1871 च्या पहिल्या करारातली. सगळे गंभीर होऊन ऐकतात, मग लगेच कॉफी. नाना विचारतील, ‘मग परत देतात का?’ नाही देत. मीही एकदा विचारलं होतं, कोणी काही बोललं नाही.

परीने लायब्ररीतून ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ आणलं, 1935 चं. गोरं कुटुंब अमेरिकेतल्या मूळच्या ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर घर बांधतं. पुस्तकात त्यांना ‘इंडियन’ म्हटलंय. ओसेज येतात ते घरात शिरायला, नाहीतर रात्री आरोळ्या ठोकायला. नाव एखाद्यालाच. परी विचारते, ‘बाबा, इंडियन म्हणजे आपण?’ तिच्या बाईंनी सांगितलं, की मूळ छपाईत ‘तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत होते’ असं होतं. वाचकाचं पत्र आल्यावर लेखिकेने चूक कबूल केली आणि 1953 मध्ये ‘माणसं’ जाऊन ‘वसाहतवाले’ आलं.

मला हसू आलं. मग आठवलं, आई, मागच्या महिन्यात तू म्हणालीस, ‘मळ्यात कोणी नाही, नुसता सालदार आहे.’ तुला बोलत नाहीये. मीही लहानपणापासून हेच म्हणत आलो.

ठिबकचे पैसे पाठवलेत. थोडे कमी आहेत, उरलेले आखाजीच्या आत देतो. आबाचं लग्न वैशाखातच धरणार असाल तर मला येणं कठीण. परीची शाळा जूनअखेर सुटते. मुलीकडच्यांना मीच सांगू का? रागावू नका. मंडपाचा खर्च माझ्याकडे.

पत्रिका छापाल तेव्हा रुमल्याकाकांच्या घरीही द्या, पूर्ण नाव घालून. त्यांनी मला खांद्यावर बसवून केळीच्या बागा दाखवल्या, पण आडनाव मला माहीत नाही. नानांना विचारून कळव.

तुमचा,
बाळू