मावशींच्या चालीने

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन दोन महिने होत आले आणि उत्तर आज लिहितोय, रागावू नकोस. आपल्या धर्मग्रामाची यात्रा ठरली आहे, फ्रान्समधल्या लूर्दची, जिथे आजारी माणसं बरं होण्याच्या आशेने जातात, आणि पॅरिश कौन्सिलने तिची सगळी तयारी माझ्याकडे सोपवली आहे. मिस्सा संपली की रोज कोणी ना कोणी कागद घेऊन उभं असतं. मला तुझ्याकडे काही मागायचं आहे, पण आधी काय काय घडलं ते सांगतो, म्हणजे मागणं का आहे ते तुझ्या लक्षात येईल.

सुरुवातीला माझ्या हातून चूक झाली. एका यात्रा कंपनीकडून मी कार्यक्रम मागवला होता. अकरा दिवसांत फातिमा, सांतियागो, लूर्द, पॅरिस, असिसी आणि रोम. एवढ्या लांब जायचं तर सगळं बघून यावं असंच मलाही वाटत होतं. कौन्सिलमध्ये तो वाचून दाखवला, कोणाचीच हरकत नव्हती. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या दाराशी टेबल मांडलं आणि तासाभरात चाळीस नावं आली.

वेदीची वस्त्रं सांभाळणाऱ्या मावशी आठवतात ना तुला? दर शनिवारी वेदीवरचं पांढरं कापड त्याच इस्त्री करायच्या, कोपऱ्याला घडी पडलेली त्यांना चालायची नाही. आता गुडघ्यांनी साथ सोडली आहे, वॉकर घेऊन येतात. त्या टेबलापाशी आल्या. कार्यक्रमाचा कागद घेतला, एकेका ओळीखाली बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला, आणि तशीच कडक घडी घालून माझ्या हातात परत दिला. म्हणाल्या, "छान आहे रे बाळा. माझं नाव नको घालूस. माझ्यामुळे बस खोळंबेल."

"असं काय बोलता मावशी," असं मी म्हणालो खरा, पण नाव लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. रात्री घरी यादी काढून बसलो. चाळीस जणांत काठी टेकणारा एकही माणूस नव्हता. डायलिसिसवर असलेले नव्हते, पक्षाघातातून उठलेले, क्वायरमध्ये गाणारे काका नव्हते. लूर्दची यात्रा, आणि तिच्यातून मी नेमकी आजारी माणसंच बाहेर ठेवली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग लूर्दच्या बर्नादेतची हकिकत पुन्हा सावकाश वाचली. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण ती पाठ केली होती. 1858 साल, 11 फेब्रुवारी ते 16 जुलै, मरिया मातेची 18 दर्शनं. या वेळी दुसरंच काही डोळ्यांत भरलं. चौदा वर्षांची ती पोर. बापाची गिरणी बुडालेली, सगळं कुटुंब एका जुन्या बंद पडलेल्या तुरुंगाच्या खोलीत राहायचं. तिला दम्याचा त्रास. धर्मशिक्षणात मागे पडल्यामुळे पहिली कम्युनियनसुद्धा, म्हणजे पवित्र भाकर घेण्याचा पहिला विधीसुद्धा, झाली नव्हती. आणि तिसऱ्या दर्शनाच्या वेळी, 18 फेब्रुवारीला, मरिया माता तिला तिच्याच गावच्या बोलीत विचारते, आपण पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का? 'आपण' म्हणून! त्या मुलीला तोवर कोण 'आपण' म्हणालं असेल? बर्नादेत पुढे सांगायची की, एक माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतो तशी ती माझ्याकडे बघत होती. हे वाचताना मला आपल्या मावशी आणि त्यांनी घातलेली कागदाची घडी आठवली.

मार्चच्या दुसऱ्या तारखेला तिला निरोप मिळाला तो असा की, धर्मगुरूंना जाऊन सांग, इथे चॅपेल बांधा आणि लोकांनी मिरवणुकीने यावं. हे सांगायला ती तिथले प्रमुख धर्मगुरू फादर पेरामाल यांच्याकडे गेली आणि त्यांचा ओरडा खाऊन परत आली. तरी निरोप तिने पोचवलाच. मिरवणुकीने यावं, हा शब्द मी मनात धरून बसलो. एकेकट्याने धावपळ करून यावं असं मातेने सांगितलं नाही. आणि मिरवणूक म्हटली की पुढच्याला मागच्यासाठी थांबावंच लागतं.

पुढच्या बैठकीत मी कार्यक्रम मागे घेतला. खूप वाद झाला. एक जण म्हणाले, आयुष्यात एकदाच जाणार, मग एकच ठिकाण कशाला? त्यांचं चुकत होतं असं नाही. त्यांनी किती वर्षं पैसे साठवलेत मला ठाऊक आहे. फादर शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि एवढंच म्हणाले, "किती ठिकाणं बघायची ते नंतर ठरवू. कोण कोण येणार ते आधी बोला." त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. ठरलं ते असं: फक्त लूर्द, सहा रात्री, दिवसाला एकच मोठा कार्यक्रम, दुपारी सक्तीची विश्रांती. बारा जणांनी नावं काढून घेतली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्यानंतर पंधरा दिवसांत अठरा नवी नावं आली आणि त्यांतली सात चाकाच्या खुर्चीतली आहेत. पहिलं नाव मी स्वतः मावशींच्या घरी जाऊन लिहून आणलं.

आता तयारीचं. मे महिना धरला आहे. एप्रिल ते ऑक्टोबर तिथे यात्रेचा हंगाम असतो, रोज रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. आजारी यात्रेकरूंसाठी तीर्थक्षेत्राच्या आवारातच, नदीच्या पलीकडे ग्रोटोच्या, म्हणजे दर्शनं झाली त्या गुहेच्या, समोर, अक्युई नोत्र-दाम नावाचं निवासस्थान आहे. तिथे जागा मिळावी म्हणून प्रत्येकाची वैद्यकीय माहिती लिहून पाठवली आहे. आजाऱ्यांना ग्रोटोपर्यंत निळ्या टपाच्या तीनचाकी गाड्यांतून नेतात, पुढच्या दांडीने ओढत. हे काम करणारे स्वयंसेवक 1885पासून संघटितपणे तिथे सेवा देत आले आहेत. फादरांना मिस्सा अर्पण करायची तर वरिष्ठांच्या सहीचं ओळखपत्र लागतं, तो अर्ज केला. युरोपात जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि आजारी ज्येष्ठांचा विमा म्हणजे दहा ठिकाणी विचारणा. या एका कामाने मला जितकं थकवलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही.

न येणाऱ्यांनीही यात्रा आपली मानली आहे. त्यांची देवाकडची मागणी कागदावर लिहून टाकायला चर्चमध्ये पेटी ठेवली आहे. ती तशीच न उघडता ग्रोटोपाशी न्यायची. दुसऱ्या पेटीत ज्याला जमेल तो पैसे टाकतो, कोणी किती टाकले ते कोणालाच कळत नाही. त्यातून चौघांचा खर्च भागतोय. ज्यांनी नावं मागे घेतली त्यांतल्या दोघांनी, आम्ही तिकडे असू त्या सहा संध्याकाळी, इथे चर्चमध्ये रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालवायचं आपणहून अंगावर घेतलंय.

काकांनी मला परवा विचारलं, "मी बरा होईन का रे?" माझ्याने उत्तर देववेना. लूर्दमध्ये 1883पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचे हजारो दावे तिथे नोंदले गेले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते 70हून थोडेच अधिक. खुद्द बर्नादेत आजारीच राहिली आणि 1879 साली नेव्हेरच्या मठात, अवघ्या 35व्या वर्षी गेली. मी काकांना हे सगळं खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग मला त्या मिरवणुकीत तरी गाऊ दे." त्यांचा उच्चार अजून जड आहे. पण आता क्वायर त्यांच्यासाठी दोन सूर खाली उतरून सराव करतो.

मागच्या रविवारी आवारात आम्ही खुर्च्या ढकलायचा सराव केला. मी स्वतः खुर्चीत बसलो. उतारावर मला तोंड पुढे करून नेलं तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, आता पडतोच असं वाटलं. मग कळलं की उतारावर खुर्ची पाठमोरी न्यायची असते. मावशींना खुर्चीतून बाकावर घेताना तिघांची झटापट झाली. त्या हसत होत्या, पण त्यांना दुखलं असणार.

तेव्हा तुझी आठवण झाली. सहा वर्षं तू बाबांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचास ते मी पाहिलंय. आधी ब्रेक लावायचास, पायपट्ट्या वर करायचास, त्यांचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरायचास आणि कानाशी हळूच म्हणायचास, "बाबा, तीन म्हटल्यावर." ते कधी कण्हले नाहीत. आमच्याकडे खुर्च्या आहेत, ढकलायला तरुण पोरं आहेत, पण असं उचलणारा कोणी नाही.

बाबांच्या अंत्यविधीनंतर तू चर्चमध्ये आला नाहीस, ते मला माहीत आहे. का, ते मी विचारणार नाही. तू येऊन नुसतं आम्हाला शिकवलंस, एक रविवार, तरी चालेल. आणि यात्रेला येता आलं तर सात खुर्च्यांपैकी एक सांभाळायला तुझी. मावशींना मी विचारलं, तुमची खुर्ची त्याच्याकडे दिली तर? त्या म्हणाल्या, "त्याच्या आईने मला इस्त्री शिकवली. त्याला सांग, मी जड नाही."

व्हिसाचे अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आत करता येतात, म्हणजे आपल्याला नोव्हेंबरपासून. तुझ्या पासपोर्टाची मुदत बघून ठेव. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी उरायला हवी, आणि दोन पानं कोरी हवीत. एक जागा मी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. कोणाचं नाव आहे ते फादरांनी विचारलं नाही.

तुझाच,
मित्र