आल्तिसमधली झाडंही मोजा

माननीय सांस्कृतिक मंत्री,
ग्रीस सरकार यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय, राग मानू नये. आमच्याकडे देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत, म्हणून ऑलिम्पियातल्या पवित्र झाडांचा हा विषय याच भाषेत नीट सांगता येईल.

अपोलोच्या एका पुजाऱ्याने इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस अथेन्स परिसरात एक हुकूम दगडावर कोरून घेतला होता. देवाच्या आवारातून लाकूड, डहाळी, सरपण, इतकंच काय, गळलेला पालाही न्यायचा नाही. गुलाम सापडला तर 50 फटके, स्वतंत्र माणूस असेल तर 50 द्राख्मा दंड. (शिक्षा कुणाच्या पाठीवर आणि कुणाच्या खिशावर, हे तेव्हाही ठरलेलंच होतं.)

आता ऑलिम्पिया, प्राचीन ऑलिम्पिक स्पर्धांचं ठिकाण. तिथल्या पवित्र आवाराचं नाव आल्तिस, म्हणजे मुळात राई. आम्ही पर्यटक जातो ते पडलेले खांब बघायला. पण देऊळ मूर्तीचं घर. बळी द्यायचे ते बाहेर, उघड्यावर. झ्यूसची वेदी तर दगडाचीही नव्हती. बळींच्या मांड्या जाळून उरलेल्या राखेचा तो ढीग होता. पौसानियास या ग्रीक प्रवासी-लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याची उंची 22 फूट नोंदवली आहे. दरवर्षी राख आल्फेऑस नदीच्या पाण्यात कालवून वेदी लिंपायचे, आपण अंगण सारवतो तशी! जळण फक्त पांढऱ्या पॉप्लरचं. विजेत्यांचा मुकुट रानऑलिव्हच्या फांदीचा, आणि तो वृक्षही देवळाच्या मागेच.

ऑगस्ट 2007 च्या वणव्यात आल्तिसला लागून असलेली क्रोनोसची टेकडी जळाली. अवशेष आणि संग्रहालय वाचल्याचं वाचून मीही हुश्श केलं. देवस्थानातला काय भाग गेला, हे फार उशिरा डोक्यात आलं.

म्हणून विनंती एवढीच, की आल्तिसमधल्या आणि टेकडीवरच्या झाडांची नोंद खांबांसारखीच व्हावी. कुठं लावायची वेळ आलीच, तर शोभेचं काहीबाही नको. पांढरा पॉप्लर, रानऑलिव्ह आणि पौसानियासने आल्तिसच्या मध्यावर पाहिलेले चिनार लावा.

वाळका पाला मात्र आता उचलावाच लागेल, नाहीतर पुढचा वणवा थेट देवळात. अपोलोचा पुजारी तेवढं चालवून घेईल. पण त्या निमित्ताने कुणी हिरव्या झाडाला करवत लावली, तर ते 50 द्राख्मा आजच्या युरोत किती होतात, हे आपल्या अर्थखात्याकडून काढून ठेवावं.

कळावे,
ऑलिम्पियाला आलेला एक मराठी प्रवासी