मॉडेल एमचे तुटके रिव्हेट आणि तुमची टिपणं: ताई, मनापासून आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

जुने यांत्रिक कीबोर्ड जमवणारे आणि दुरुस्त करणारे आम्ही काही जण तुम्हाला हे उघड पत्र लिहीत आहोत. दुरुस्तीच्या पायऱ्या सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मात्र प्रत्येक पायरीपुढे ती कशासाठी करायची आणि चुकली तर नेमकं काय बिघडतं, हेही लिहून दिलंत. हे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

सगळ्यात मोठं ऋण आयबीएम मॉडेल एमचं. या कीबोर्डमध्ये किल्ली दाबली की स्प्रिंग एका बाजूला वाकते, तिच्या पायाशी असलेला छोटा हॅमर कलतो आणि खालच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे वाहक रेघा असलेल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर, दाब देतो. हे सगळं जागच्या जागी राहतं ते बॅरलची (स्प्रिंग ज्यात बसतात त्या नळ्यांची) प्लास्टिक प्लेट आणि मागचा पोलादी पत्रा एकमेकांना घट्ट चिकटून असतात म्हणून. पण त्यांना धरून ठेवतात ते नुसते प्लास्टिकचे रिव्हेट, म्हणजे प्लेटचीच बारीक टोकं, पत्र्यातून बाहेर काढून उष्णतेने चपटी केलेली. पत्र्याला बाक असतो, त्यामुळे ताण कायमचा. वर्षं गेली की प्लास्टिक ठिसूळ होतं आणि डोकी एकेक करून उडतात. हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं, एखाद्या भागातल्या किल्ल्या पोचट लागतात, खटका वाजतो पण अक्षर उमटत नाही. बहुतेक जण इथे मेम्ब्रेनला दोष देतात. ‘मेम्ब्रेनला हात लावण्याआधी तुटलेले रिव्हेट मोजा,’ या तुमच्या एका वाक्याने कितीतरी चांगली मेम्ब्रेन फेकली जाण्यापासून वाचली.

उघडण्याबद्दलचा तुमचा सल्ला आम्ही शब्दशः पाळतो. मागच्या बाजूचे चार षटकोनी स्क्रू खोल खड्ड्यात असतात. त्यांना साडेपाच मिलिमीटरचा, लांब आणि पातळ भिंतीचा बॉक्स पानाच लागतो. जाड भिंतीचा पाना खड्ड्यात शिरतच नाही. वरचं झाकण आधी मागून उचलायचं, मग पुढच्या खाचांतून सोडवायचं. मेम्ब्रेनच्या चपट्या पट्ट्या सर्किटच्या सॉकेटमधून सरळ ओढायच्या, कारण घडी पडली की त्यातली वाहक रेघ तुटते आणि किल्ल्यांची अख्खी ओळ मुकी होते.

रिव्हेटच्या जागी बोल्ट बसवण्याचं काम मात्र सावकाशीचं आहे, आणि तिथेच तुमची टिपणं सगळ्यात मोलाची ठरली. सगळ्या कीकॅप, म्हणजे किल्ल्यांवरच्या टोप्या, काढून घ्यायच्या. मग किल्ल्यांची बाजू खाली ठेवून, धारदार छिन्नीने उरलेली डोकी पत्र्याच्या पातळीत छाटायची. पत्रा उचलताना प्लेट पालथीच ठेवायची, नाहीतर स्प्रिंग आणि हॅमर टेबलभर विखुरतात. मेम्ब्रेन आणि काळं रबर बाजूला घेतलं, हॅमर काढून डबीत ठेवले, की प्लास्टिकवर रिव्हेटचे खुंट दिसतात. ते सपाट करायचे आणि प्रत्येकाच्या बरोबर मध्यभागी भोक पाडायचं.

इथली तुमची युक्ती आम्हाला फार आवडते. खुंटाच्या मध्यावर गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभर टेकवून बारीकसा खड्डा करायचा. ड्रिलचं पातं गोल टोकावरून घसरतं आणि शेजारच्या बॅरलच्या भिंतीत घुसतं. खड्ड्यामुळे ते जागेवर राहतं. पातं 1.6 मिलिमीटरचं, वेग कमी, शक्यतो हाताने फिरवायचं ड्रिल. वेगात फिरवलं तर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं, पात्याला चिकटतं आणि भोक वाकडं होतं. भोक बोल्टपेक्षा किंचित लहान ठेवल्याने एम 2 (2 मिलिमीटर) जाडीचा, 8 मिलिमीटर लांबीचा बोल्ट प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातो, आणि मागून नट लावताना तो फिरत नाही.

जोडताना क्रम तोच, उलटा: हॅमर आणि स्प्रिंग, त्यावर रबर, मग मेम्ब्रेन, शेवटी पत्रा. पत्रा क्लॅम्पने दाबून धरायचा, मधल्या रांगेपासून सुरुवात करून बाहेरच्या कडांकडे जायचं. आधी सगळे नट बोटांनी, मग थोडे थोडे आवळत. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर ताण त्याच्याभोवती जमतो आणि जुन्या प्लेटला तडा जातो. केसमध्ये बसवण्याआधी प्रत्येक किल्ली संगणकावर तपासायची. हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, पण एखादी स्प्रिंग तिरकी बसली असेल तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

कीकॅप परत बसवताना कीबोर्ड उभा धरायचा, स्पेसबार वरच्या बाजूला, म्हणजे स्प्रिंग बॅरलमध्ये योग्य बाजूला कलते. कॅप दाबल्यावर खटका आला नाही, तर जोर न लावता ती काढून पुन्हा बसवायची. धुतलेल्या कॅप पूर्ण वाळेपर्यंत थांबण्याचा तुमचा आग्रहही योग्यच: पोकळ दांड्यात राहिलेला एक थेंब बॅरलमधून उतरून थेट मेम्ब्रेनवर पोचतो.

मॉडेल एफसाठी तुम्ही पाठवलेला फोमचा नमुना अजून आमच्याकडे आहे. 1981 च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या या कीबोर्डमध्ये मेम्ब्रेन नसतं; हॅमर सर्किट बोर्डावरची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलतो आणि तो बदल वाचला जातो. दोन पोलादी पत्र्यांच्या मधला मूळ फोम कुजून काळी भुकटी होते, बॅरल सैल पडतात, किल्ल्या डळमळतात. दीड मिलिमीटरचा नवा फोम आणि 14 मिलिमीटरची भोकं, हे माप तुमच्याकडूनच मिळालं. फोम जाड घेतला तर पत्रे एकमेकांत सरकून बसत नाहीत, पातळ घेतला तर डळमळ तशीच राहते.

जोडणीबद्दल थोडक्यात. मूळ पीसीचा आणि आयबीएमच्याच 1984 च्या एटी संगणकाचा कीबोर्ड, दोघांचा गोल पाच पिनांचा प्लग सारखाच असतो, पण संदेशांची पद्धत वेगळी. त्यामुळे नुसता आकार बदलणारा अडॅप्टर लावून पीसीचा कीबोर्ड चालत नाही. एटमेगा 32 यू 4 सारख्या चिपवर चालणारा, दोन्ही पद्धती ओळखणारा कन्व्हर्टर (संदेश बदलून देणारं उपकरण) हवा. कीबोर्ड मेला आहे असं समजून तो मोडीत काढण्याआधी हे तपासावं, असं आम्ही आता प्रत्येक नवख्याला सांगतो.

जुन्या प्लास्टिकला येणाऱ्या पिवळेपणावर तुमचं मत कडक आहे आणि आम्ही त्याच्याशी पूर्ण सहमत आहोत. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने एबीएस प्लास्टिक उजळतं हे खरं. पण पेरॉक्साइडची क्रीम असमान लागली की पांढरे पट्टे उठतात ते कायमचे, आणि उजळलेला पिवळेपणा काही काळाने परतही येतो. मॉडेल एमच्या कॅप पीबीटी या वेगळ्या प्लास्टिकच्या असतात, अक्षरं प्लास्टिकमध्ये मुरलेली; त्यांना साबणाचं कोमट पाणी पुरतं. केस थोडी पिवळी राहिली तर राहू द्यावी. खालचं तारखेचं लेबल मात्र धुताना भिजू देऊ नये. कीबोर्ड केव्हा बनला हे सांगणारा तो सगळ्यात सोपा पुरावा असतो.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत. सुट्या भागांसाठी चांगला चालता कीबोर्ड फोडू नये, असं तुम्ही दर वेळी बजावता. युनिकॉम्प ही कंपनी 1996 पासून याच रचनेचे कीबोर्ड बनवते आणि सुटे भागही विकते, त्यामुळे एका हरवलेल्या कॅपसाठी दुसरा जुना संच मोडण्याचं कारणच उरत नाही. तुमच्या या सांगण्यामुळे आमच्यातल्या अनेकांनी फोडायला काढलेले कीबोर्ड पुन्हा जोडले.

तुमची परवानगी असेल तर टिपणं एकत्र करून, आकृत्या नीट काढून, नव्याने शिकणाऱ्यांना वाटावीत असं आमच्या मनात आहे. बोल्टच्या जागा दाखवणारी तुमची हाताने काढलेली आकृती जशीच्या तशी ठेवू. त्यात काही दुरुस्ती हवी असेल तर कळवा.

तुमचे ऋणी,
जुने कीबोर्ड दुरुस्त करणारे आम्ही सगळे